माझा फोन बंद नव्हता

उमरखेडच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली तेव्हा माझी माय रडली नाही. ती कंडक्टरशी भांडत होती. आमच्या पत्र्याच्या पेटीचं वेगळं तिकीट घ्यावं लागेल असं त्याचं म्हणणं, आणि माय म्हणत होती, "पेटीले काय सीट देऊन राह्यला का तू? टपावर जाते ते." गाडी सुटेपर्यंत हे चालू होतं. गाडी हलली तशी ती खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालली आणि म्हणाली, "पोचली का घंटी दे. मी उचलणार नाई. फक्त वाजव."

फुलसावंगीहून जीपमध्ये बसून ती आम्हाला सोडायला आली होती. फुलसावंगी माझं माहेर, उमरखेड सासर. आम्ही निघालो ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात येत होतं. मोठ्या गाड्या यायच्या, शेतकऱ्यांच्या दारात उभ्या राहायच्या, फोटो काढून जायच्या. आमच्या दारात कोणी आलं नाही. आम्हाला शेतच नव्हतं. माझा नवरा जिनिंगमध्ये गाठी बांधायचा, तो वारला, त्याच्या मागे माझा मुलगा विलास तिथंच लागला. कापसाची दैना झाली, जिनिंगला कुलूप लागलं, आणि गाठी बांधणाऱ्यांचं काय झालं हे विचारायला कोणतीही गाडी आली नाही. विलासला हैदराबादेत एका बिल्डिंगवर वॉचमनचं काम मिळालं. जिन्याखाली खोली मिळणार होती. विलास, सून आणि मी, असे निघालो.

नांदेडहून रेल्वेत बसलो, धर्माबाद गेलं, गोदावरीचा पूल गेला, आणि विलासनं फोन माझ्यासमोर धरला. वरच्या कोपऱ्यात एक बारका त्रिकोण उगवला होता. "आई, आता आपण रोमिंगमध्ये," तो म्हणाला. मी विचारलं, म्हणजे कुठं? तो म्हणाला, कुठं नाही, बाहेर.

बाहेर म्हणजे काय ते मला पुढं समजलं. तुम्ही जे गावातच राहिलात, त्यांना हे कधी समजलं नाही, म्हणून नीट सांगते. आपल्या महाराष्ट्राचं सिमकार्ड महाराष्ट्रात असतं तोवर कोणाचाही फोन यावा, आपला एक पैसाही जात नाही. बॅलन्स संपून महिना झाला तरी फोन वाजतो. गावात निम्मी माणसं अशीच राहत होती. कोणाला बोलायचं असेल तर तो लावील, आपण कशाला टाकायचा बॅलन्स? पण तेच कार्ड दुसऱ्या राज्यात गेलं की लावणाऱ्याचेही कटतात आणि उचलणाऱ्याचेही कटतात. आपल्याच मायचं बोलणं ऐकायचे आपल्याला पैसे पडतात. आणि फोनमध्ये बॅलन्स नसला तर येणारा फोन येतच नाही. फोन चालू असतो, चार्जिंग भरलेलं असतं, उजेड येतो. पण तो वाजत नाही. लावणाऱ्याला कोणी बाई तेलुगूत काहीतरी सांगते आणि त्याला वाटतं फोन बंद आहे.

मग तिकडचं कार्ड का घेतलं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. तिकडच्या कार्डाला तिकडच्या पत्त्याचा कागद लागायचा. जिन्याखालच्या खोलीला कसला पत्ता? आमचं राशनकार्ड यवतमाळ जिल्ह्याचं. दुकानदार ते उलटंसुलटं करून परत द्यायचा. बिल्डिंगच्या मालकाला चिठ्ठी मागितली तर तो म्हणाला, वॉचमनला चिठ्ठी देत नसतो. शिवाय आमचा नंबर मायनं फुलसावंगीच्या घरी भिंतीवर कोळशानं लिहून घेतला होता. सगळ्या नात्यागोत्याला तोच ठाऊक होता.

बरं, कार्ड आपलंच ठेवा, पण त्यात बॅलन्स तरी तिथं टाकता यावा? तोही येत नव्हता. हैदराबादचं कूपन हैदराबादच्या नंबरलाच चालायचं. आमच्या फोनमध्ये बॅलन्स टाकायचा तर तो आपल्या भागातल्या दुकानातूनच टाकावा लागायचा. म्हणजे फोन माझ्या कमरेला आणि त्याचा जीव चारशे किलोमीटरवर फुलसावंगीच्या बाजारात. ते काम माझा धाकटा भाऊ देवराव याच्याकडे होतं. माय त्याच्याजवळच राहायची. पैसे माझेच. गावी जाणारं कोणी असलं की त्याच्या हाती मी ते आधीच पाठवत होते.

बोलणं परवडत नव्हतं म्हणून आम्ही घंटीवर चालवलं. उचलली नाही तर घंटीचं काही कटत नाही. रोज दिवे लागायच्या वेळेला माय देवरावच्या फोनवरून एक घंटी द्यायची. म्हणजे ती जेवली, बरी आहे. मी एक घंटी परत द्यायची. तेव्हा मी जिने झाडून, दोन घरची भांडी करून नुकती बसलेली असायची. आजूबाजूला सगळे अम्मा म्हणायचे, नळाचं पाणी आलं की "नीळ्ळु, नीळ्ळु" ओरडायचे, आणि त्या गोंधळात ती एक घंटी वाजायची. मला तेवढी पुरत होती. मी कधी कोणापाशी तक्रार केली नाही.

कापूस वेचणीच्या हंगामात एकदा बॅलन्स संपत आला. मी किराणा दुकानाच्या कॉइनबॉक्सवरून देवरावला फोन केला. टाकतो म्हणाला. टाकला नाही. बॅलन्स संपला आणि मायची घंटी यायची थांबली. मी पुन्हा कॉइनबॉक्सवर गेले.

"अवं अक्का, टाकीन म्हणलं ना," तो म्हणाला. "तुले कायले घाई पडली? तू त फोन करतच नाई. येनारा फोन येतेच फुकटात."

"इथं नाई येत देवराव. इथं रोमिंग आहे."

तो हसला. "फोनले काय मालूम तू कुठं बसली ते?"

मी म्हटलं, फोनला मालूम असतं, तुला नाही. मायला दे. तर म्हणे, माय बाहेर गेलती, आली का सांगतो.

त्यानंतर सुनेला ताप आला, बिल्डिंगमध्ये कोणाचं लग्न निघालं, जिने दोनदा धुवायचे होते. कॉइनबॉक्सवर मी गेले ती थेट भांडायच्या तयारीनं गेले. फोन भावजयीनं उचलला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आता कायले केला फोन? काल माती झाली मायची."

रात्रीच्या गाडीनं निघाले. नांदेडहून एसटी, उमरखेडहून जीप. पोचले तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या. कोणी उठून माझ्या गळ्यात पडलं नाही. शेजारच्या यमुनामावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शयरात गेली का माणसं फोनही बंद करून ठेवतात वो. देवराव लावून लावून थकला बिचारा."

मी तिथंच उभ्यानं सांगितलं, माझा फोन बंद नव्हता. बॅलन्स नव्हता म्हणून वाजला नाही. देवरावला दोनदा सांगितलं होतं.

"बॅलन्स नसला म्हणून येनारा फोन थांबते का कुठं?" देवराव म्हणाला. त्याचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज चढला. "माह्या फोनात आत्ताही काही नाई. लाव रे कोणी मले."

कोणीतरी लावला. त्याचा फोन वाजला.

"तो इथं आहे म्हणून वाजला," मी म्हटलं.

यमुनामावशी म्हणाली, "मंग हिचाच लावून पाहा ना."

माझा फोन माझ्या पिशवीत होता. आमच्या चुलत्यानं नंबर दाबला. आणि माझा फोन पिशवीत वाजायला लागला. तोच फोन, तोच रिकामा. विलासनं त्यात कसलंसं लग्नातलं गाणं भरलेलं होतं, ते मायच्या अंगणात वाजत राहिलं. मला पिशवीची गाठ सुटेना. सगळ्या बायका माझ्या हाताकडे पाहत होत्या. एक जण हसली. मयताच्या घरी हसली.

मी सांगत राहिले की मुलूख बदलला की तो वाजतो, तिकडं वाजत नाही. धर्माबादच्या पुढं न्या, मग दाखवते. कोण येणार होतं धर्माबादला? यमुनामावशी म्हणाली, "जाऊ दे बाई. झालं ते झालं. खोटं कायले बोलते?"

मला तुम्हाला हे सांगायचं आहे की मी अशी खोटी ठरले. चोरी करून नाही, कोणाचं खाऊन नाही. माझ्या बाजूनं बोलायला एक वस्तू होती आणि तिनं चारचौघांत माझ्याविरुद्ध साक्ष दिली. मायच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत मी तिथं राहिले. वंदनेला बसले तेव्हा माझ्या शेजारची जागा मोकळी राहिली. परत निघाले तेव्हा देवराव जीपपर्यंत आला नाही.

पुढं कित्येक वर्षं मी फुलसावंगीला गेले नाही. पण असल्या गोष्टीला रोमिंग लागत नाही, ती कुठंही पोचते. हैदराबादेत आपल्याकडची पुष्कळ माणसं आहेत. भीमजयंतीला सगळे एकत्र येतात. तिथं महागावकडची एक बाई दुसरीला सांगत होती, "थेच ना हे, माय मेली तरी फोन बंद ठेवनारी?" मी मागेच उभी होते. मी तिला जयभीम केला. ती लाजलीही नाही.

मग देवरावच्या बायकोच्या डोळ्यात फूल पडलं. यवतमाळच्या डॉक्टरनं हैदराबादच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. तेव्हा बरोबर अक्का आठवली. माझा भाचा, देवरावचा पोरगा सुमेध, यानं मला फोन करून गाडी सांगितली. मी म्हटलं, सिकंदराबादला उतरा, जागा सोडू नका, मी आले की फोन करते. आताशा माझ्या नंबरमध्ये बॅलन्स सुमेधच टाकायचा, आणि वेळेवर टाकायचा. बापापेक्षा पोरगं शहाणं निघालं.

स्टेशनवर गेले. एवढी माणसं की पाय ठेवायला जागा नाही. देवरावला फोन लावला, बाई तेलुगूत बोलली. पुन्हा लावला, पुन्हा बाई. तेवढ्यात गावाहून सुमेधचा फोन आला. पोरगं घाबरलं होतं. "आत्या, बाबाचा फोन बंद येऊन राह्यला. काही झालं त नसन ना?"

मी त्याला म्हटलं, काही झालं नाही, तुझा बाप रोमिंगमध्ये आहे. आणि मला हसू आलं. माणसं वळून पाहत होती तरी मी हसत होते. माझं काम टाकून, दोन बसगाड्या बदलून मी तिथं आले होते, पायात गोळे आले होते, आणि मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

एकेक फलाट पाहत गेले. शेवटी पाण्याच्या नळापाशी दोघं सापडली. भावजय डोळ्याला पदर लावून बोचक्यावर बसली होती. देवराव फोन तळहातावर धरून त्याच्याकडे टक लावून उभा होता.

"फोन बंद काहून ठेवला देवराव?" मी विचारलं.

"बंद नाई अक्का. चालू हाय. पाय ना, उजेड येते."

"वाजला का?"

"नाई."

"बॅलन्स?"

भावजयच बोलली, "नांदेडलेच संपला. म्या म्हणलं टाकून घ्या, त मलेच म्हणे, येनारा फोन फुकटात येते, तुले काय समजते."

देवरावनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच फोनकडे पाहिलं. त्याला समजलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. तो काय बोलतो ते मला ऐकायचं होतं. तो म्हणाला, "चाल, ऊन व्हाच्या आत निघू."

ऑपरेशन झालं, पट्टी सुटेपर्यंत दोघं आमच्या खोलीत राहिली. मी रोज त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि वाट पाहायची. तो ताट चाटूनपुसून जेवायचा. जाताना चप्पल घालत म्हणाला, "अक्का, तुमच्या इकडं लयच भानगड हाय बुवा रोमिंगची." बस. एवढंच.

पुढं एक दिवस रोमिंग संपलं. विलासनं मेसेज वाचून दाखवला की आता देशात कुठंही जा, येणारा फोन फुकट, जाणाराही पॅकमध्येच. बिल्डिंगमधली पोरं खूश झाली. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. टॉवर तेच, हवा तीच, माझा आवाजही तोच. आम्ही काही देश सोडून गेलो नव्हतो. पोटामागे एक नदी ओलांडली होती. एका रात्रीत सगळं फुकट करता येत होतं तर आधी करायला काय झालं होतं? ज्यांना घरी बसून पगार मिळतो त्यांना या त्रिकोणाचा काय त्रास? तो पडला वॉचमनला, विटा वाहणाऱ्याला, ऊस तोडणाऱ्याला. जो जितका लांब पोटासाठी गेला, त्याची माय कंपनीनं त्याला तितकी महाग केली.

आता सगळ्यांचे फोन येतात. भावजय दुपारी लावते आणि काय भाजी केली ते सांगते. यमुनामावशी तर सकाळी फुलांचे फोटो पाठवते. मी तिला परत काही पाठवत नाही.

सुमेधचं लग्न निघालं तेव्हा तो स्वतः हैदराबादला पत्रिका घेऊन आला. म्हणाला, आत्या, तू नाही आलीस तर मी लग्नाला उभा राहणार नाही. त्याच्याकडे पाहून गेले.

लग्न लागलं, जेवणं झाली. मंडपात गाद्या टाकून जुनी माणसं बसली होती. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. देवराव व्याह्याला खूश करायला सिकंदराबादची गोष्ट सांगायला लागला. फोन कसा हातात होता, उजेड कसा येत होता, वाजत कसा नव्हता. "मले वाटलं बायको त हरपली नाई, मीच हरपलो!" लोक हसत होते. व्याही मांडीवर थाप मारून हसला. यमुनामावशी तोंडाला पदर लावून हसत होती. देवराव म्हणाला, "रोमिंगमंधी बॅलन्स नसला का फोन येतच नाई ना बापा! आपल्याले काय मालूम?"

मी उभी राहिले. माझे गुडघे दुखतात, वेळ लागला.

"देवराव," मी म्हटलं, "गोष्ट अर्धीच सांगितली. आता मायची सांग."

हसणं थांबलं. सुमेधची सासरची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. देवराव म्हणाला, "अक्का, लग्नात कायले?"

"मयतात मला खोटी ठरवलं. खरं लग्नात सांग."

"अवं पावणे बसले आहेत."

"तेव्हाही बसले होते."

मला वाटलं, हा उठून जाईल. पण बसला. गादीवरचा धागा ओढत म्हणाला, "तिचा फोन बंद नव्हता. तिनं मले सांगतलं होतं बॅलन्स टाक म्हणून. म्या टाकला नाई. मले वाटलं येते."

यमुनामावशी पुटपुटली, "मंग आम्ही इतकी वर्षं बोललो ते?"

"ते तू गिळ आता," मी म्हटलं.

मी खाली बसणार होते. माझं काम झालं होतं. पण एक गोष्ट मला तेव्हापासून खात होती, ती तोंडातून निघालीच. मी विचारलं, "मायला काय सांगितलं होतं तू?"

देवरावनं धागा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, "मायले सांगतलं, अक्कानं फोन बंद ठेवला."

"मग?"

"माय म्हणे, थे बंद नाई ठेवत. तुह्याच फोनाले काही झालं असन. पुन्हा लाव." त्यानं धागा सोडला. "तोंडात पाणी टाकेपर्यंत हेच म्हणत होती. पुन्हा लाव."

मी खाली बसले. भावजयीनं पाण्याचा गिलास दिला, तो मी घेतला नाही.

मला लोक विचारतात, आता परत गावी राहायला जाणार का. नाही. फुलसावंगीत आता मला कोणी खोटी म्हणत नाही, रस्त्यानं चालले तर ओटे मोकळे करून देतात. मी बसत नाही. हैदराबादची खोली उद्या मालकानं सांगितलं तर सोडावी लागेल, तिला मी घर म्हणत नाही. माझं घर म्हणजे ती एक बाई होती. तिला रोमिंग कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं, भिंतीवरचा नंबर वाचता येत नव्हता, आणि अख्ख्या गावात तिनं एकटीनं माझा फोन बंद आहे हे मानलं नाही. एवढं ऐकल्यावर मला दुसरं घर नको. पण देवराव, हे तू वाचून घेशील म्हणून लिहिते. हे वाक्य तुझ्याजवळ इतकी वर्षं होतं. तू माझ्या खोलीत बसून रोज दोन्ही वेळ जेवलास. मी तुझ्यापुढे हातभर अंतरावर बसलेली होते. तेव्हा सांगायला तुझ्या कोणत्या फोनात बॅलन्स नव्हता?